आधी खोटं परत येतं

"विम्याचा फॉर्म टाकलास का?" बायकोनं फोनवर विचारलं, आणि मी म्हणालो, "हो, सकाळीच."

फॉर्म माझ्या बॅगेत होता. चार घड्या घातलेला, एका कोपऱ्याला पेनाची शाई लागलेला. टाकायचा राहिला होता, कारण मी विसरलो होतो. तसं म्हटलं असतं तर ती "बरं, उद्या टाक" म्हणाली असती आणि विषय संपला असता. ती ओरडणार नव्हती, रुसणार नव्हती. त्या खोट्याची कुणालाच गरज नव्हती, अगदी मलासुद्धा. तरी ते इतक्या सफाईनं बाहेर पडलं, जणू मधे खंड पडलाच नव्हता. मला दारू सोडून तेव्हा अकरा महिने होत आले होते. त्या फोननंतर एकोणिसाव्या दिवशी मी प्यायलो.

एकोणीस हा आकडा मला पुष्कळ उशिरा कळला. सगळं घडून गेल्यावर समुपदेशकबाईंनी माझ्यापुढे एक कॅलेंडर ठेवलं, हातात पेन्सिल दिली आणि म्हणाल्या, "पहिला पेग ज्या दिवशी घेतलात त्यावर गोल करा. आता तिथून मागे मागे या." मी म्हटलं, मागे काही नाही. त्या दिवशी ऑफिसात साहेबांशी वाजलं, डोकं फिरलं, प्यायलो.

"साहेबांशी त्याआधी कधी वाजलं नव्हतं?"

वाजलं होतं. त्या अकरा महिन्यांत तीनदा तरी.

"मग त्या तीन वेळा का नाही प्यायलात?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पेन्सिल मागे सरकू लागली. आदल्या दिवशी घरी यायचा रस्ता बदलला होता, ट्रॅफिकचं निमित्त करून. नव्या रस्त्यावर काय होतं ते सांगायला नको. त्याच्या तीन दिवस आधी एका जुन्या, पिण्यातल्या मित्राला फोन केला होता, 'सहज'. त्याच्या आधीच्या आठवड्यात मिटिंग, म्हणजे दारू सोडलेल्यांच्या आमच्या गटाची बैठक, बुडवली होती. स्पॉन्सरला, म्हणजे गटातल्या मला सांभाळून घेणाऱ्या जुन्या सभासदाला, सांगितलं डोकं दुखतंय, घरी सांगितलं मिटिंगला होतो. ते दोन तास मी एका बागेतल्या बाकावर बसून काढले. प्यायलो नाही, काही नाही. फक्त मी कुठे आहे हे जगात कुणालाच माहीत नव्हतं, आणि ते मला फार आवडलं होतं. हे आवडणं आठवलं तेव्हा पेन्सिल माझ्या हातात थांबली. बाई काही बोलल्या नाहीत. मग आणखी मागे, अगदी सुरुवातीला, तो फॉर्म.

ॲलन मार्लॅट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात हीच पेन्सिल पुष्कळ लोकांच्या आयुष्यावर फिरवली. उपचार घेऊन बाहेर पडलेली, पण पुन्हा प्यायला लागलेली माणसं गाठून तो विचारायचा, पहिल्या घोटाच्या आधी नेमकं काय घडलं? कुठे होतात, कोण होतं, मनात काय चाललं होतं? जवळपास तीन चतुर्थांश उत्तरं तीनच खणांत बसली: मन खराब असणं, जवळच्या माणसाशी भांडण आणि 'घे रे थोडीशी' म्हणणारी मंडळी. पुढे १९८५ मध्ये त्यानं आणि ज्युडिथ गॉर्डन यांनी मिळून रिलॅप्स, म्हणजे सोडलेल्या नशेकडे पुन्हा घसरणं, रोखण्याची अख्खी पद्धतच मांडली. त्यात वरवर बिनमहत्त्वाच्या वाटणाऱ्या निर्णयांबद्दल आहे. माणूस 'मी पिणार आहे' असं कधी ठरवत नाही. तो रस्ता बदलायचं ठरवतो, पाहुण्यांसाठी घरात एक बाटली असू दे असं ठरवतो. प्रत्येक निर्णय सुटा पाहिला तर निर्दोष. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला थोडा रागच आला. माझी घसरण इतरांपेक्षा काही वेगळी, खोल वगैरे असेल अशी माझी समजूत होती.

माझ्या कॅलेंडरवर मात्र त्या प्रत्येक निर्दोष निर्णयाला एकेक खोटं चिकटलेलं होतं. वरून बारीकसारीक वाटणाऱ्या त्या खोट्यांचं काम एकच होतं, माझ्या आणि बाटलीच्या मधे उभ्या असलेल्या माणसांना एकेक करून बाजूला करणं. आधी बायको, मग स्पॉन्सर, मग मिटिंगमधले सगळे. शेवटी साहेबांशी वाजलं तेव्हा वाटेत कुणीही उरलं नव्हतं. पहिल्या तीन वेळा होतं.

व्यसनी माणसाचं खोटं हा स्वभावदोष नसतो, ती कमावलेली कारागिरी असते. फ्लशच्या टाकीत बाटली तरंगू नये म्हणून ती किती भरलेली असावी लागते हे मला माहीत आहे. पिऊन आल्यावर दार उघडणाऱ्याकडे तोंड न करता चपला काढायच्या, त्या कशा, हेही. कुणाला काय सांगितलं याचा हिशेब मी इतका चोख ठेवत होतो की तेवढा ऑफिसात ठेवला असता तर दोन बढत्या मिळाल्या असत्या. दारू सुटली म्हणून ही कारागिरी हातातून जात नाही. ती तशीच बसून असते, काम मिळायची वाट बघत. फॉर्म हे तिला मिळालेलं पहिलं छोटं काम.

(इथे कुणीतरी विचारणारच, म्हणून सांगतो. पार्टीत कुणी ग्लास पुढे केला तर 'ॲसिडिटी आहे, औषध चालू आहे' असं सांगायचं की नाही? माझ्या मते पहिले काही महिने खुशाल सांगावं. त्या खोलीतून जे बाहेर काढेल ते बोलावं. खोटं कुठल्या दिशेला नेतंय एवढंच मी बघतो. ॲसिडिटीचं खोटं ग्लास लांब करतं, फॉर्मचं खोटं माणसं लांब करतं.)

तर, मी प्यायलो. दोन रात्री. तिसऱ्या दिवशी थांबलो, आणि इथेच माझी खरी चूक झाली. दोन रात्रींची गोष्ट दोन रात्रींवर संपवता आली असती. स्लिप झाली, सांगून टाकलं, दिवस पुन्हा एकपासून मोजले. पण अकरा महिने! ते अकरा महिने मी एखाद्या घरासारखे बांधले होते. ते पाडायचे कसे? मी कुणालाच सांगितलं नाही. महिन्याभरानं माझा सोबर वाढदिवस, म्हणजे दारू सोडल्याला वर्ष झाल्याचा दिवस, आला. गटात वर्षाचं पदक मिळालं. टाळ्या वाजल्या. बायको पहिल्या रांगेत होती, तिनं त्या पदकाचा फोटो काढला. स्पॉन्सरनं मिठी मारली तेव्हा मी श्वास रोखून धरला होता. दारूचा वास नव्हता, महिनाभर घेतलीच नव्हती, तरी रोखला. तीही जुनी सवयच.

त्या पदकानं मला जेवढं प्यायला लावलं तेवढं आयुष्यातल्या कुठल्याही दुःखानं लावलं नाही. खिशात हात घातला की ते बोटांना लागायचं. पुढचे चार महिने मी रोज प्यायलो.

मार्लॅटनं याचाही विचार केला होता. पूर्ण बंद ठेवायचं असं ठरवलेल्या माणसाकडून एकदा चूक झाली की चुकीपेक्षा तिचा त्यानं लावलेला अर्थ त्याला जास्त खाली ओढतो. 'मी असाच आहे', 'माझ्यात दमच नाही', आणि मग ते सर्वांत महाग वाक्य, 'एवढं झालंच आहे तर'. त्या तीन-चार शब्दांत माणसं वर्षंच्या वर्षं घालवतात. घोट आणि घसरण यांच्यामधे एक जागा असते. तिथे थांबता येतं, पण तिथे उजेड लागतो, आणि लाज पहिली काय करत असेल तर दिवा मालवते.

एका अगदी प्रसिद्ध रिलॅप्सची गोष्ट मला नंतर गटातच कळली. मे १९३५. न्यू यॉर्कचा बिल विल्सन नावाचा शेअर दलाल धंद्याच्या कामासाठी अमेरिकेतल्याच ॲक्रन शहरात गेला होता. दारू सोडून त्याला पाचेक महिने झाले होते. काम फिसकटलं, खिसा जवळजवळ रिकामा, परक्या गावात एकटा. हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बार, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. तो टेलिफोनकडे गेला. चर्चच्या यादीतून नंबर काढून फोन करत राहिला, आपल्याला बोलायला दुसरा एखादा दारुडा हवाय म्हणून. एकातून दुसरं नाव निघत अखेर तो डॉ. बॉब स्मिथ या सर्जनपर्यंत पोहोचला. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ देणार नाही म्हणून आलेले डॉक्टर काही तास बसले. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना धरून ठेवायच्या संघटनेची सुरुवात ती.

एवढं सगळे सांगतात. मला त्याच्या पुढचा भाग जास्त जवळचा वाटतो. डॉ. बॉब काही आठवडे कोरडे राहिले आणि मग डॉक्टरांच्या एका अधिवेशनाला गेले असताना बेसुमार प्यायले. परत आले. एक शस्त्रक्रिया ठरलेली होती, हात थरथरत होते, तेव्हा हात स्थिर राहावा म्हणून बिलनंच त्यांना बिअर दिली. तीच शेवटची. १० जून १९३५ ही ती तारीख मानली जाते, आणि जगभर तोच संघटनेचा स्थापनादिन धरतात. टेलिफोनवाल्या दिवसाचा मान मोठा असूनही स्थापनादिन म्हणून निवडला कुठला, तर एक घसरलेला माणूस परत आला तो. हे कळलं तेव्हा मला वाटलं, हे मला पदक घेण्याच्या आधी कुणी का सांगितलं नाही. बहुधा सांगितलं असेल. मी ऐकत नसेन.

मी दारूतून परत आलो, पण आमच्या गटात येऊन बसणारा एक मुलगा ब्राऊन शुगरमधून, म्हणजे हलक्या प्रतीच्या हेरॉइनमधून, परत आला नाही. सात महिने क्लीन होता. नंतर एका रात्री त्यानं जुना डोस घेतला, खोलीची कडी आतून लावून. अफूवर्गातल्या नशेत हे फार क्रूर आहे. शरीराची सहनशक्ती काही आठवड्यांतच उतरते, पण मनाला आठवतो तो जुनाच आकडा. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्या लोकांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसनं मरण्याचा त्यांचा धोका त्या राज्यातल्या इतर रहिवाशांच्या १२९ पट होता. जागेचाही यात हात असतो. शेपर्ड सीगल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये उंदरांवरचा एक प्रयोग मांडला. सवय झालेल्या उंदरांना हेरॉइनचा मोठा डोस नेहमीच्या जागेत दिला तर त्यांतले जवळपास एक तृतीयांश मेले. तोच डोस वेगळ्या जागेत दिला तर जवळपास दोन तृतीयांश. शरीर ओळखीच्या जागेत आधीच तयारीला लागतं, अनोळखी जागेत बेसावध सापडतं. लपून घ्यायचं म्हणून माणूस जागा बदलतो, एकटा बसतो, कडी लावतो. उतारा आहे, नॅलॉक्सोन. नाकात फवारता येतो, काही मिनिटांत बंद पडत चाललेला श्वास परत आणतो. पण तो बेशुद्ध माणसाला स्वतःला देता येत नाही. कडीच्या अलीकडे दुसरं कुणीतरी लागतं, आणि लगेच रुग्णवाहिकाही, कारण उताऱ्याचा असर नशेच्या आधी संपू शकतो. त्या मुलानं सात महिन्यांचा आकडा कुणाला बिघडलेला दिसू नये म्हणून कडी लावली असेल का, हे मला कळायचा मार्ग नाही. माझ्या खिशातलं पदक मात्र मला आठवतं.

औषधांबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण आपल्या मंडळींत याबद्दल एक फुकाचा ताठा आहे. 'गोळी घेऊन सोबर राहणारा कसला सोबर.' मी हे वाक्य स्वतः म्हटलेलं आहे. नालट्रेक्सोन दारूच्या तलफेची धार कमी करतं. ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन ही अफूवर्गातल्या व्यसनासाठीची औषधं माणसं जिवंत ठेवतात, आणि २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला आपण 'तुझा रक्तदाब खरा उतरलेला नाही' म्हणून हिणवत नाही. तुलना उगाच नाही. २००० साली अमेरिकन डॉक्टरांच्या एका नामांकित नियतकालिकात व्यसन आणि दीर्घ आजारांची तुलना आली होती. उपचारांनंतर वर्षभरात ४० ते ६० टक्के व्यसनी पुन्हा वापराकडे वळतात, आणि दमा किंवा उच्च रक्तदाबाच्या रुग्णांमध्ये पथ्यपाणी सुटून आजार उलटण्याचं प्रमाण याहून कमी नाही, असं त्यात मांडलं होतं.

डायसल्फिरामचं मात्र वेगळं आहे. डेन्मार्कमध्ये १९४० च्या दशकात जंतांवरच्या औषधाचा शोध घेताना ते स्वतःवर घेऊन बघणाऱ्या संशोधकांना दारू सोसेना, त्यातून ते या कामाला लागलं. ते घेतल्यावर दारू पोटात गेली की तिचं विघटन अर्ध्यावर अडतं. चेहरा लाल, छातीत धडधड, उलट्या. शेवटची गोळी घेऊन आठवडा-दोन आठवडे झाले तरी हा धोका राहतो. समजून उमजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेणाऱ्याला ते कामाचं आहे. पण काही घरांत ते पेशंटच्या नकळत जेवणात मिसळतात. जिवावर बेतू शकतं हे तर झालंच. त्यापलीकडे, ज्या माणसानं खोटं सोडावं अशी तुमची इच्छा आहे त्याला तुम्ही रोज खोटं वाढताय.

तलफेचं मी फारसं लिहीत नाही. तिच्यावर सगळेच लिहितात. ती लाटेसारखी चढते, बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत ओसरते, आणि भूक, राग, एकटेपण, थकवा यांतलं काही सोबत असेल तर जास्त उंच येते. ती अंगावर असताना मी कुणालातरी मोठ्यानं 'आत्ता येतेय' असं सांगतो. एवढंच करतो. सांगितलेली तलफ आणि न सांगितलेली तलफ या दोन निराळ्या वस्तू आहेत.

चार महिन्यांनंतर एका पहाटे मी स्पॉन्सरला फोन केला. वयानं माझ्या वडिलांएवढे. मी रडतरडत नाटकीपणे म्हणालो, "आत्ता सगळी बाटली मोरीत ओतून देतो, आजपासून बंद." मला वाटलं शाबासकी मिळेल.

"थांब," ते म्हणाले. "ओतायची घाई नको. रोज किती होतेय?"

मी सांगितलं. पलीकडे शांतता.

"ही निम्मी झाली. आता पुरी सांग."

मी पुरी सांगितली. मग ते म्हणाले, हाच आकडा तासाभरात डॉक्टरला सांगायचा, मी येतोय तुला न्यायला. रोज एवढी घेणाऱ्यानं घरच्या घरी एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होतो, प्रसंगी जीव जातो. ही टर्की, म्हणजे दारू थांबल्यावर अंगाला होणारा त्रास, उतरवायला द्यायच्या औषधाचा अंदाज डॉक्टर तुझ्या आकड्यावरून बांधणार. निम्मा सांगितलास तर औषधही निम्मं पडेल. त्या क्षणापर्यंत खरं बोलणं ही मला नीतिमत्तेतली गोष्ट वाटायची. त्या पहाटे तो औषधाचा डोस होता.

पदक मी त्यांना परत दिलं. ते काही बोलले नाहीत, टेबलाच्या खणात टाकलं. त्यानंतर दीड वर्ष ते रोज रात्री फोनवर एकच प्रश्न विचारायचे, आणि 'घेतलीस का' हा तो नव्हता. "आज काय खोटं बोललास?" पहिले काही दिवस मी "काही नाही" म्हणायचो. ते म्हणायचे, "हे एक झालं." मग हळूहळू निघू लागली. 'निघालोच' म्हणालो तेव्हा अंगावर टॉवेल होता. मित्राची कविता न वाचताच छान म्हणालो. आम्ही दोघं हसायचो. एका रात्री मात्र मी सांगितलं की जुन्या मित्राचा नंबर खोडला असं मी मागे सांगितलं होतं, तो खोडलेला नाही. तेव्हा ते हसले नाहीत.

फॉर्मची गोष्ट बायकोला मी बऱ्याच वर्षांनी सांगितली. कॅलेंडर, पेन्सिल, एकोणीस दिवस, सगळं. ती कपाटातले कपडे लावत होती. हात न थांबवता म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"फॉर्म टाकला नाहीस ते. तू 'सकाळीच' म्हणालास त्याच दिवशी रात्री बॅगेतून तुझा डबा काढताना बघितला होता. शाई लागलेला."

मी विचारलं, मग बोलली का नाहीस? ती बराच वेळ एकाच शर्टाची घडी घालत राहिली. उलगडायची, पुन्हा घालायची.

"भीती वाटली. विचारलं तर तू चिडशील आणि त्या निमित्तानं पिशील. तुला काही हवंच होतं निमित्त, ते माझ्याकडून नको मिळायला. म्हणून दुसऱ्या दिवशी तू 'फॉर्मचं झालं ना' म्हणालास तेव्हा मी पण 'हो, झालं' म्हणाले." मग म्हणाली, "आपण दोघं त्याच आठवड्यात सुरू झालो होतो."

या वर्षी पुन्हा विम्याचा फॉर्म आला. मी भरला, सही केली, टाकून आलो. घरी आल्यावर तिनं विचारलं, "टाकलास?"

"हो."

"पावती दाखव."

मी खिशातून काढून दिली. तिनं चष्मा लावून तारीख वाचली, आणि पावती फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवली.